टेबलाची समता : उलव्यातील एका उपाहारगृहाच्या निमित्ताने

१

मराठीत खाण्यापिण्यावरचे लेखन थोडे नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात त्याने मानाचे स्थान मिळविले. आज वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून उपाहारगृहांची परीक्षणे नियमाने येतात. पदार्थ गरम होता की निवलेला, वाढप तत्पर होते की नाही, दर परवडणारे होते की नाही, हे त्यांत सांगितलेले असते. परंतु या सर्व लेखनात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. खाणारा माणूस दारातून आत गेलेला आहे, हे ते गृहीत. तो आत कसा गेला, कोणत्या लढ्याने गेला, त्याच्या आजोबाला त्याच दाराशी काय ऐकावे लागले असते, हे प्रश्न चवीच्या समीक्षेत बसत नाहीत असे मानले जाते.

दुसऱ्या बाजूला आपले साहित्य आहे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनांत अन्न येते ते भुकेच्या रूपाने, मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांच्या रूपाने. या लेखनाची धग अजून निवलेली नाही. पुढे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलित स्वयंपाकाची नोंद केली आणि पूर्णब्रह्म म्हणवणाऱ्या अन्नाची अपूर्णता शीर्षकातच सांगून टाकली. परंतु भुकेला दलित आणि आपल्या चुलीवर रांधून खाणारा दलित या दोघांखेरीज तिसरा एक माणूस गेल्या तीस वर्षांत उभा राहिला आहे. तो पगार घेतो. शनिवारी संध्याकाळी बायकोमुलांना घेऊन बाहेर जेवायला जातो, खुर्चीवर बसतो, पैसे मोजतो आणि चवीने खातो. हा माणूस मराठी समीक्षेला फारसा भेटलेला नाही. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तेव्हा हा माणूस मला आरशात भेटतो. त्याच्या ताटाची समीक्षा त्यानेच केली पाहिजे, या भूमिकेतून प्रस्तुत लेख लिहीत आहे.

२

उलवे हे पनवेल तालुक्यातील सिडकोचे उपनगर. सिडकोची स्थापना १९७० सालची. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील गावांची भातशेती, खाजणे व मिठागरे घेतली गेली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान येथे आंदोलन झाले, त्यात पाच माणसे पोलिसांच्या गोळीला बळी पडली. साडेबारा टक्के भूखंडाची योजना या रक्तातून आली. योजनेचे गणित संपादित जमिनीवर उभे आहे. मग ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, जो दुसऱ्याच्या शेतावर वा मिठागरावर राबत होता, त्या भूमिहीनाची आणि कातकऱ्याची बाजू या गणितात कोठे मांडायची, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

मूळचे उलवे गाव विमानतळासाठी उठवलेल्या दहा वस्त्यांपैकी एक. उलव्याची टेकडी फोडून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. गाव गेले आणि नाव उरले. ते आता बहुमजली इमारतींना लाभले आहे. २०१८ साली खारकोपरपर्यंत लोकलगाडी आली, १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून येणारा अटल सेतू खुला झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. ज्या वस्तीत पाच वर्षांपूर्वी वडापावची गाडी शोधावी लागे तेथे आता लाकडाच्या भट्टीचा पिझ्झा मिळतो.

ज्या उपाहारगृहाविषयी लिहीत आहे त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी उपाहारगृहे आता प्रत्येक उपनगरात आहेत. दारातून आत जाताच समोर विटांची घुमटाकार भट्टी दिसते. काच लावलेल्या ओट्यामागे एक तरुण मैद्याचा फुगलेला गोळा बोटांनी पसरवतो, त्यावर टोमॅटोचा रस्सा आणि चीज घालतो आणि लांब दांड्याच्या सपाट फावड्याने तो भट्टीत सारतो. भट्टी नीट तापलेली असेल तर पिझ्झा दीड-दोन मिनिटांत तयार होतो. येथील साधा, टोमॅटो व चीज यांचाच पिझ्झा उत्तम आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. कडा फुगलेल्या असतात, त्यांवर करपल्याचे काळे ठिपके असतात आणि आतला भाग मऊ, किंचित आंबूस लागतो. पीठ घाईने फुगवलेले नाही, रात्रभर मुरू दिलेले आहे, हे जिभेला कळते. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यावर धरली की तिच्या पापुद्र्याला जो वास येतो त्याच्या जवळचा वास या कडांना आहे. याउलट पनीर, मखनी रस्सा व मक्याचे दाणे लादलेले प्रकार फसलेले आहेत. ओझ्याने मधला भाग ओला राहतो आणि भट्टीचे काम वाया जाते. पास्ता बेताचा आहे. साध्या पिझ्झ्याची किंमत साडेचारशे रुपये, वर पाच टक्के जीएसटी. २०२४-२५ साली रोजगार हमीवरची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे एक पिझ्झा हा खडी फोडणाऱ्या माणसाच्या दीड दिवसाच्या कष्टाएवढा.

३

हा पदार्थ मूळचा कोणाचा, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. पिझ्झा हा इटलीतील नेपल्स शहराच्या गल्ल्यांत राहणाऱ्या गरिबांचा. ज्यांच्या खोलीत चूल मांडायला जागा नव्हती, ते रस्त्यावर तो विकत घेत. पैसे नसत तेव्हा आठ दिवसांच्या उधारीवर खात. इटलीतील सुशिक्षितांना हा पदार्थ ओंगळ वाटे. 'पिनोकिओ'चा कर्ता कोलोदी याने १८८० च्या दशकात त्याची अस्वच्छ म्हणून हेटाळणी केली. १८८४ साली नेपल्समध्ये पटकीची मोठी साथ आली. त्या काळी शहराबाहेरच्या माणसाच्या मनात पिझ्झा आणि झोपडपट्टीची घाण यांचे चित्र एकच होते. तोच पदार्थ पुढे स्थलांतरित मजुरांबरोबर अमेरिकेत गेला, जगभर पसरला आणि २०१७ साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कौशल्याची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली.

म्हणजे दरिद्री माणसाचे अन्न प्रतिष्ठित होऊ शकते, हे इतिहासाने दाखवून दिले आहे. मग आपल्या अन्नाचे काय झाले? महारवाड्यातील आणि मांगवाड्यातील चान्या कोणत्या उपाहारगृहाच्या कार्डावर आहेत? नेपल्सच्या गरिबाला हिणवले ते त्याच्या दारिद्र्यासाठी. दारिद्र्य ओसरले तसा त्याच्या अन्नावरचा शिक्काही पुसला गेला. आपल्या अन्नावरचा शिक्का जातीचा आहे, तो मिळकतीने पुसला जात नाही. वर कायद्याचीही भर आहे : १९७६ च्या राज्य कायद्याने गोहत्या बंद होतीच, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांची कत्तलही बंद झाली. गावगाड्याने ज्यांच्यावर मेलेले ढोर ओढण्याची सक्ती केली आणि त्याच मांसासाठी ज्यांना अपवित्र ठरवले, त्यांच्या ताटाविषयी आता राज्याने निर्णय दिला.

उलव्यातील कार्डावर आणखी एक गोष्ट दिसते. नेपल्समध्ये पिझ्झ्यावर खारवलेले बारीक मासे घालण्याची जुनी रीत आहे. उलव्याच्या आसपास खाडी आहे, आगरी-कोळी गावे आहेत, बाजारात सुकट, जवळा आणि बोंबील मिळतात. या भट्टीला याहून जवळचा माल कोणता? परंतु कार्डावर कोंबडी आहे, कांदा-लसूण वर्ज्य केलेला जैन पिझ्झा आहे, शाकाहारी पिझ्झा वेगळ्या सुरीने कापला जातो अशी सूचनाही आहे, आणि मासा मात्र नाही. कारण उघड आहे. सुकटीला वास येतो, आणि उपनगराला वासाची लाज वाटते. इटली येथपर्यंत आली, पण शेजारचे गाव दारातून आत येऊ शकले नाही.

येथे आणखी एका परदेशी धान्याची आठवण काढली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, रेशनवर मिळत असे. खडीच्या कामावर सुकडी मिळे. माझी आजी जालना जिल्ह्यातून मुंबईकडे आली ती त्या दुष्काळानंतर. तिच्या लेखी 'परदेशी अन्न' म्हणजे मिलोची भाकरी. तिचा नातू परदेशी अन्न निवडून, नाव घेऊन मागवतो. मिळालेले खाणे आणि मागितलेले खाणे यांतले हे अंतर तीन पिढ्यांचे आहे. त्याला चैन म्हणून हसणाऱ्या आपल्याच चळवळीतील मित्रांनी याचा विचार करावा.

४

भट्टीतल्या अन्नाचा आणि जातिनिर्मूलनाचा संबंध महाराष्ट्रात जुना आहे. १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, असा तेथील दीक्षेचा विधी होता. म्हणजे परक्या भट्टीतला एक तुकडा हे जात मोडल्याचे प्रमाण मानले गेले. परंतु तुकडा गुप्तपणे खायचा होता. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर गेली आणि सभा विस्कटली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहावरून गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारखी माणसे त्या चहाला होती, आणि एका पेल्याचे प्रकरण बहिष्कार व प्रायश्चित्तापर्यंत गेले.

या दोन्ही प्रकरणांत एक मर्यादा स्पष्ट आहे. सवर्णाने परक्याच्या हातचे खाल्ले तर काय होते, एवढाच त्यांतला प्रश्न. अस्पृश्याच्या हातचे कोण खाईल, अस्पृश्याला कोण आपल्या शेजारी बसवील, हा प्रश्न तेथे उपस्थितच झाला नाही. तो कोल्हापुरात झाला. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातील माणसाला शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढून दिले, तेथे गाडी थांबवून स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही घ्यायला लावला. केरळात सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ साली चेराई येथे मिश्रभोजन घडवले, त्याबद्दल त्यांना जातीबाहेर काढले गेले. आणि १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. महाड आणि उलवे आज एकाच रायगड जिल्ह्यात आहेत, हे येथील इमारतींत राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड वाचून पाहावा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेश आणि विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर, या गोष्टी तेथे एका खंडात एकत्र आल्या आहेत. तळे आणि टेबल यांचा हक्क एकच आहे, असे घटनेने सांगितले. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आणि १९७६ साली त्याला मिळालेले नागरी हक्क संरक्षण कायद्याचे रूप ही याच खंडाची पुढची पावले. म्हणून उलव्यातील खुर्ची ही मालकाची मेहेरबानी नाही, आणि बाजारपेठेची देणगी तर नाहीच. तिच्यामागे पाण्यासाठी फुटलेली डोकी आहेत.

५

आता त्या आगीविषयी. 'लाकडाच्या भट्टीतला' हे या उपाहारगृहाचे भूषण आहे. ते पाटीवर लिहिलेले आहे, बिलावर छापलेले आहे. लाकूड कोठून येते, असे विचारले तर 'सप्लायर आणून देतो' एवढेच उत्तर मिळाले. लाकडाचा इतिहास मात्र सप्लायरपाशी संपत नाही. गावगाड्यात पाटलाच्या आणि सरकारी अंमलदाराच्या घरचे लाकूड फोडणे हे महाराच्या वाट्याचे काम होते. मोबदल्यात दारावरून दुरून पडणारी भाकरी. म्हणजे ज्या आगीवर भाकरी भाजली जाई तिचे सरपण आपल्या कुऱ्हाडीचे होते आणि भाकरीवर आपला हक्क नव्हता, दान होते. याच भागात, चिरनेरच्या जंगलात, २५ सप्टेंबर १९३० रोजी शेतकरी आणि आदिवासी लाकडावरच्या हक्कासाठी उतरले. गोळीबारात जे मेले त्यांत नाग्या कातकरी होता. आजही रायगडातील कातकरी बाई डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला जाते, आणि कातकरी कुटुंबे कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर हंगामभर राबायला जातात.

मुंबईच्या पाव-बेकऱ्यांचीही आग लाकडाचीच. गिरणीकामगाराने ज्या पावावर दिवस काढले, वडापाव आणि मिसळ ज्या पावावर उभी राहिली, तो याच तऱ्हेच्या विटांच्या भट्टीतून निघाला. परंतु कोणत्या बेकरीने 'लाकडाच्या भट्टीतला पाव' अशी पाटी लावून दुप्पट पैसे घेतले? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील बेकऱ्या आणि उपाहारगृहे यांना लाकूड व कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे सहा महिन्यांत वळण्यास सांगितले. शहराच्या हवेचा प्रश्न खरा आहे, धूर गरिबाच्याच छातीत आधी जातो, त्यामुळे आदेशाविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती भाषेविषयी. पाववाल्याचा धूर हे मागासलेपण, पिझ्झावाल्याचा धूर ही चव. खेड्यातल्या बाईची चूल सुटावी म्हणून २०१६ साली उज्ज्वला योजना आली, आणि त्याच काळात हमरस्त्यावर 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या लागत गेल्या. चूल ज्याला टाळता येते त्याच्यासाठी ती हौस होते. ज्याला टाळता येत नाही त्याच्या डोळ्यांत फक्त धूर जातो.

भट्टी काचेमागे उघडी ठेवलेली आहे, याचाही अर्थ लावला पाहिजे. ग्राहकाला श्रम दिसावेत अशी ही रचना आहे असे वाटते. पण कोणते श्रम? पीठ हवेत फिरवणारा हात दिसतो. खरकट्या ताटल्या घासणारा हात भिंतीमागे आहे, संडास धुणारा हात ग्राहक निघून गेल्यावर कामाला लागतो. माझ्या वर्गातील काही मुले अशा ठिकाणी रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येतात. त्यांच्यापैकी भट्टीवर कोण आणि मोरीवर कोण, हे शिक्षणाने आणि अंगच्या कसबाने ठरते असे वरवर दिसते. परंतु घाणीचे काम कोणाच्या वाट्याला सहज येते आणि कोणाला ते द्यायला मालक कचरतो, हे एकदा पाहिले की जुनी वाटणी नव्या गणवेशात ओळखू येते.

६

आता मुख्य प्रश्नाकडे यावे. या टेबलावर जी समता मिळते ती कोणती?

शनिवारी गर्दी असते. दारातली मुलगी वहीत नाव आणि मोबाईल क्रमांक लिहून घेते. 'सर, नाव?' असे विचारते, आडनाव विचारत नाही. मैद्याला कोणाचा हात लागला हे ग्राहक विचारत नाही. शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे हे कोणी पाहत नाही. पिझ्झा हाताने खाल्ला तरी कोणी हसत नाही. पंगतीशी तुलना करून पाहा. गावच्या लग्नात पंगत बसे ती जातीच्या क्रमाने बसे, आपली पंगत शेवटची आणि लांबची. टेबलाने पंगत मोडली. ज्यांना पंगतीचा अनुभव नाही त्यांनी हे क्षुल्लक मानू नये.

परंतु आपल्या भाषेत दोन शब्द जोडीने येतात : रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. पिझ्झा ही रोटीच. तिचा व्यवहार पैशाने खुला झाला. पण टेबलावर जे घडते ते सहभोजन आहे काय? सहभोजनात ओळखीची माणसे, एकमेकांची जात ठाऊक असलेली माणसे, ती बाजूला सारून एकत्र जेवतात. उपाहारगृहात अनोळखी माणसे एकमेकांकडे पाठ करून जेवतात. जात विचारली जात नाही, कारण विचारण्याचे कामच पडत नाही. न विचारणे आणि न मानणे यांत जे अंतर आहे तेच टेबल आणि समता यांतले अंतर आहे. १९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या, लाहोरच्या मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात हे आधीच पाहिले होते. अनेक जातींत सहभोजन चालते, तरी त्याने जातिभावना मेलेली नाही, हा त्यांचा युक्तिवाद. खरा उपाय मिश्रविवाह, आणि त्याच्याही मुळाशी शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा नष्ट करणे. लोकशाही म्हणजे एकमेकांत मिसळलेले, अनुभवांची देवाणघेवाण करणारे जीवन, अशी त्यांची धारणा होती. शेजारी शेजारी ठेवलेली टेबले म्हणजे ते जीवन नव्हे.

टेबलही जेथे ओळखीच्या माणसांचे होते तेथे काय घडते, हे मुंबईतच दिसले. २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहातील काही टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली, निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळी, हिरव्या गणवेशातली पथके जाहीर केली. टीका होताच दुसऱ्या दिवशी गणवेश मागे घेतला. 'शुद्ध' हा शब्द पाहा. त्यात आरोग्य कमी आणि सोवळे जास्त आहे. अन्न आणणाऱ्याच्या पिशवीत दुसऱ्याचे मांस होते म्हणून माझे पनीर बाटते, हा विचार कोणत्या ग्रंथातून आला हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगणे नको.

आणि मग घर. उलव्यात भाड्याने घर शोधताना दलालाने मला पहिल्यांदा आडनाव विचारले, दुसऱ्यांदा 'खाणेपिणे' विचारले. एका सोसायटीच्या पदाधिकाऱ्याने सुकटीच्या वासाची अडचण सांगितली. मी सुकटीचा उल्लेखही केला नव्हता. त्याच सोसायटीतील कुटुंबे शनिवारी त्याच उपाहारगृहात दिसतात. तेथे आम्ही शेजारच्या टेबलावर चालतो, शेजारच्या दारात चालत नाही. बाहेरची रोटी तासाभराची असते, तिचे बिल दिले की संबंध संपतो. घर म्हणजे रोजचा संबंध. तेथे जात पुन्हा प्रश्न विचारू लागते.

बेटीव्यवहाराचे तर बोलायलाच नको. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आढळले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) ही गावे पुरेशी आहेत. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून खर्ड्यात शाळकरी मुलाचा जीव गेला, आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. याच राज्यात, याच वर्षांत उपनगरांतून पिझ्झ्याच्या भट्ट्या पेटत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच काळाच्या आहेत.

तरीही टेबल निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. माझे विद्यार्थी तेथे जातात. वेगवेगळ्या जातींची मुलेमुली चौघे मिळून एक पिझ्झा वाटून घेतात आणि दोन तास बसतात. गावच्या पारावर, घरच्या ओसरीवर त्यांना असे बसता आले नसते. एका मुलीने वर्गात चर्चा चालू असताना सांगितले, 'सर, तिथे आम्ही फक्त नावाने असतो. घरी आलं की आडनाव लागतं.' समाजशास्त्राच्या पुस्तकात मला इतके नेमके वाक्य सापडलेले नाही. टेबलाने या पिढीला आडनावाशिवायचे दोन तास दिले. ते दोन तास घरापर्यंत नेण्याचे बळ त्यांना कोण देणार, हा चळवळीपुढचा प्रश्न आहे.

७

आपल्या विद्यार्थ्यांत एक समज पसरत आहे : आम्ही सर्वांबरोबर खातो, म्हणजे जात संपली. प्रस्थापितांना हा समज सोयीचा आहे. आरक्षणाची गरज काय, असे विचारणारे पहिला दाखला टेबलाचाच देतात. चळवळीत याच्या उलट टोकाचाही एक समज आहे : पिझ्झा खाणारा दलित हा पांढरपेशा, तो आपला राहिला नाही. दोन्ही समज टेबलाला त्याच्या योग्यतेहून अधिक महत्त्व देतात. चवीने खाणे हा आपला हक्क आहे, घटनेने तो लिहून दिला आहे, त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. भूक हीच दलितत्वाची खूण असावी असा आग्रह धरणारे वाचक आपल्याला कायमचे आत्मकथनात कोंडून ठेवू पाहतात. परंतु विकत घेता येणारी समता ही घेणाऱ्यापुरती आणि बिलापुरती असते. ज्याच्या खिशात दीड दिवसाची मजुरी नाही तो आजही काचेबाहेर उभा राहून भट्टीतला जाळ पाहतो. बाहेर दुचाकीवर पिशव्या लावून थांबलेली मुले त्यातलीच आहेत.

म्हणून अशा ठिकाणाची समीक्षा करताना चवीबरोबर आणखी काही प्रश्न विचारण्याची सवय आपल्या लेखकांनी आणि विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. येथे राबणारी मुले कोठे बसून जेवतात आणि काय जेवतात? मोरीवर कोण आहे आणि गल्ल्यावर कोण? ज्या गावाच्या जमिनीवर हे उभे आहे त्या गावाचे काय या कार्डावर आहे? शेजारच्या टेबलावरचा माणूस मला आपल्या इमारतीत घर देईल काय? या प्रश्नांची उत्तरे पिझ्झ्याची चव बिघडवीत नाहीत. उलव्यातील साधा पिझ्झा हे प्रश्न विचारूनही चांगलाच लागतो. तो जरूर खावा, मुलांना खाऊ घालावा. पण त्याला सहभोजन म्हणू नये. सहभोजन अजून व्हायचे आहे. ते उपाहारगृहात होणार नाही. ते उलव्याच्या त्याच इमारतींत, दारावर आडनाव लिहून, सुकटीच्या वासासकट व्हावे लागेल.